डिव्हिनिटी : नाव देवाचे, काम हातांचे



डिसेंबर लागला की मोबाईलवर परदेशी मिठाईची चित्रे फिरू लागतात. त्यांत एक पांढरीशुभ्र, फुटलेल्या कापसाच्या बोंडासारखी फुललेली मिठाई असते, वर एखादा अक्रोडासारखा दाणा बसवलेला. आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत येणाऱ्या मुलींनी विचारले, ही कशाची करतात आणि घरी होते का? होते. साखर, पाणी, अंड्याचा पांढरा भाग आणि थोडी चिकाटी एवढ्यावर होते. तिचे नाव डिव्हिनिटी, म्हणजे दिव्यत्व, देवपण.

नाव ऐकून कुणी बिचकू नये. या मिठाईत दैवी असे काही नाही. पाण्याचा हिशेब, उष्णतेचा हिशेब आणि माणसांचे हात एवढेच तिच्यात आहे. आम्ही वाणिज्य शाखेचे, कचेरीत जमाखर्च लिहून पोट भरणारे. म्हणून या मिठाईचाही जमाखर्च मांडायचे ठरवले आहे. आधी कृती सांगतो, मग तिच्यामागचे हात.

मूळ गाव

डिव्हिनिटी ही अमेरिकेच्या दक्षिण भागातली मिठाई. जॉर्जिया, अलाबामा, मिसिसिपी, लुइझियाना, टेक्सास या राज्यांत नाताळाला ती घरोघरी करतात. गोऱ्यांच्या घरात करतात तशी कृष्णवर्णीयांच्याही घरात करतात. जुनी म्हणतात खरी, पण ती फार जुनी नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी ती पुढे आली. त्याला कारण मक्याचे सिरप.

पिष्ठ म्हणजे स्टार्च सौम्य आम्लात उकळला की त्याचे गोड सिरप होते, हे १८११ साली गॉटलीब किर्खहॉफ या रसायनशास्त्रज्ञाने रशियात शोधून काढले. अमेरिकेत मका उदंड. तिथे १९०२ साली 'कारो' या नावाने मक्याचे सिरप बाजारात आले आणि साध्या घरातल्या बाईला मिठाईच्या कारखान्यातला माल हाताशी मिळाला. त्या सिरपाशिवाय डिव्हिनिटी मऊ होत नाही.

का होत नाही, तेही समजून घेऊ. साखरेचा पाक आटला की साखरेचे कण पुन्हा एकमेकांना धरू पाहतात व खडा बांधतात. खडीसाखर अशीच होते. मिठाईत मोठा खडा नको, जिभेला न जाणवणारा बारीक कण हवा. मक्याच्या सिरपात ग्लुकोज व त्याच्या लांब साखळ्या असतात. त्या साखरेच्या कणांच्या मध्ये शिरतात आणि खडा मोठा होऊ देत नाहीत. आपल्या आया पाकात लिंबू पिळत आल्या, ते याच कारणाने. आंबटामुळे साखरेचा काही भाग फुटून ग्लुकोज व फ्रुक्टोज होतो आणि पाक जमत नाही. त्यांना रसायनशास्त्र कुणी शिकवले नव्हते, पण हाताला ते ठाऊक होते.

साहित्य

साखर ५०० ग्रॅम. मक्याचे सिरप १६० ग्रॅम, म्हणजे सुमारे अर्धा कप. आपल्याकडे बेकरीचे सामान विकणाऱ्या दुकानात 'लिक्विड ग्लुकोज' मिळते, ते चालते. पाणी अर्धा कप. मीठ पाव चमचा. दोन मोठ्या अंड्यांचा पांढरा भाग. व्हॅनिला इसेन्स एक चमचा. पेकन नावाच्या दाण्याचे तुकडे १०० ग्रॅम. पेकन आपल्याकडे महाग पडतो. त्याच्या जागी अक्रोड घ्यावा, नाहीतर भाजून सोललेले शेंगदाणे घ्यावेत. चवीत फरक पडेल, मिठाई बिघडणार नाही.

दिवस कोणता निवडावा

हसू नका, ही बाब महत्त्वाची आहे. दक्षिण अमेरिकी राज्यांतल्या बाया पावसाच्या दिवशी डिव्हिनिटी करायला घेत नाहीत. त्यात शकुन-अपशकुन काही नाही. साखर हवेतला ओलावा ओढून घेते. हवा दमट असली की मिठाई सुकत नाही, चिकट राहते. म्हणून आपल्याकडेही श्रावणात हिच्या वाटेला जाऊ नये. विदर्भ-मराठवाड्यात थंडीचे कोरडे दिवस उत्तम. मुंबई-कोकणात हवा बारमाही दमट, तिथे थंडीतला कोरड्यात कोरडा दिवस पाहावा आणि करताना शेजारच्या शेगडीवर डाळ-भात उकळत ठेवू नये.

कृती

एकट्याने करू नये. एकाने ओतावे, एकाने फेटावे. इथे घरातल्या पुरुषांनी पुढे व्हावे अशी आमची सूचना आहे. फेटायला दंडात जोर लागतो आणि कौतुक मात्र करणाऱ्या बाईच्या वाट्याला क्वचितच येते.

अंडी ताजी व न तडकलेली घ्यावीत. पिवळा बलक वेगळा काढावा. बलकाचा थेंबही पांढऱ्यात पडता कामा नये, कारण त्यातल्या स्निग्धामुळे फेस उभा राहत नाही. भांडे स्टीलचे किंवा काचेचे, कोरडे आणि तेलकटपणा नसलेले हवे. प्लॅस्टिकच्या भांड्याला तेलाचा ओशटपणा धुतल्यावरही राहतो.

जाड बुडाच्या पातेल्यात साखर, ग्लुकोज, पाणी आणि मीठ मध्यम आचेवर ठेवावे. साखर विरघळेपर्यंत ढवळावे. उकळी आली की दोन-तीन मिनिटे झाकण ठेवावे. वाफेच्या पाण्याने कडेला चिकटलेली साखर धुतली जाते. कडेचा एक कण जरी पाकात पडला तरी त्याच्याभोवती खडे जमू लागतात. झाकण काढल्यावर मात्र चमचा घालू नये. पाकाला त्याचे काम करू द्यावे.

आता उष्णता. पाणी १०० अंश सेल्सियसला उकळते. पाकातले पाणी जसे वाफ होऊन जाते, तसा पाक अधिकाधिक तापतो. म्हणून पाकाची उष्णता म्हणजे त्यात पाणी किती उरले याचा ताळेबंदच आहे. डिव्हिनिटीला पाक सुमारे १२७ अंशांपर्यंत न्यावा. तेव्हा त्यात साखर सुमारे ९२ टक्के असते, बाकी पाणी. मिठाईचा थर्मामीटर असल्यास उत्तम. ताप बघायचा थर्मामीटर चुकूनही घालू नये, तो फुटेल.

थर्मामीटर नसला तरी अडत नाही. आपल्याकडे एकतारी, दोनतारी, गोळीबंद अशी पाकाची मापे आहेतच. इथे पक्का गोळीबंद पाक हवा. वाटीत गार पाणी घेऊन त्यात पाकाचा थेंब टाकावा. पाण्यातच बोटांनी त्याची गोळी वळते का पाहावे. गोळी घट्ट झाली, बाहेर काढल्यावर आकार सोडत नाही, पण दाबली तर थोडी दबते, की पाक झाला. गोळी पसरली तर अजून आटवावा. टाकताच ताठ तार होऊन कटकन मोडली तर पाक पुढे गेला.

उंचावर राहणाऱ्यांसाठी एक सूचना. समुद्रसपाटीपासून वर जावे तसा हवेचा दाब कमी होतो आणि पाणी लवकर उकळते, साधारण ३०० मीटरला एक अंश कमी. पुणे सुमारे ५६० मीटर उंच, म्हणून पुणेकरांनी १२५ अंशांवर थांबावे. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचे काम आहे.

पाक होत आला की दुसऱ्याने अंड्याचा पांढरा भाग फेटायला घ्यावा. बीटर उचलल्यावर टोक उभे राहील इतका फेस घट्ट व्हावा. मग फेटणे चालू ठेवून त्यात उकळता पाक अगदी बारीक धारेने ओतावा. घाईने ओतला तर अंडे शिजून गोळे होतात. पाक संपल्यावर व्हॅनिला घालावा आणि फेटत राहावे. पाच मिनिटे लागतील, दहाही लागतील. मिश्रण जड होते. हातातल्या साध्या बीटरची मोटर तापू लागली तर बंद करून लाकडी चमच्याने फेटावे. जुन्या काळी सगळे चमच्यानेच करत.

थांबायचे कधी, ही खरी परीक्षा. आधी मिश्रण चकचकीत दिसते. मग अचानक चमक मंद होते आणि चमच्याने घातलेला गोळा न पसरता उभा राहतो. तीच वेळ. लगेच दाणे मिसळून बटरपेपरवर दोन चमच्यांनी भराभर गोळे सोडावेत. हात थांबला तर मिश्रण भांड्यातच घट्ट होते. तसे झाल्यास चमचाभर गरम पाणी घालून पुन्हा फेटावे. उलट मिश्रण मऊच राहिले तर वाया गेले असे समजू नये, ते बिस्किटाला लावून मुले आनंदाने खातात. गोळे काही तास सुकू द्यावेत आणि घट्ट झाकणाच्या डब्यात, मध्ये कागद घालून ठेवावेत. आठवड्याभरात संपवावेत. पांढऱ्याऐवजी ब्राऊन शुगर वापरून करतात त्या प्रकाराला तिकडे 'सी फोम', म्हणजे समुद्रफेस म्हणतात.

सावधगिरी

हा पाक उकळत्या पाण्याहून अधिक तापलेला असतो आणि कातडीला चिकटून बसतो. लहान मुलांना शेगडीपासून दूर ठेवावे. भाजलेच तर लगेच नळाच्या वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटे धरावे. टूथपेस्ट, शाई, हळद काही लावू नये. फोड फोडू नये. भाजणे मोठे असेल तर दवाखाना गाठावा.

अंडे गरम पाकाने शिजते, पण सगळीकडे सारखे शिजेल याची खात्री देता येत नाही. गरोदर भगिनी, तान्ही मुले, आजारी व वृद्ध माणसे यांना ही मिठाई देऊ नये.

आणि साखरेचा हिशेब. वरील मापात सुमारे चाळीस गोळे होतात. म्हणजे एका गोळ्यात ग्लुकोज धरून पंधरा ग्रॅमच्या वर साखर, चहाचे जवळजवळ चार चमचे. मधुमेह असलेल्यांनी चित्रातच पाहावी. इतरांनी एक खावा, फार तर दोन.

मागचे हात

आता वहीची दुसरी बाजू. वर आम्ही जे साहित्य लिहिले, ते कुणाच्या हातातून आले?

साखर घ्या. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लुइझियानाच्या मळ्यांत ऊस तोडणारे आणि रस आटवणारे हात गुलामांचे होते. उघड्या कढया ओळीने मांडलेल्या असत. उकळता रस पळ्यांनी एका कढईतून दुसरीत टाकायचा. रात्रंदिवस काम चाले. वर आम्ही एका पातेल्याजवळ मुलांना येऊ देऊ नका म्हणालो. तिथे माणसे महिनोन् महिने तशा कढयांच्या रांगेशी उभी असत, आणि भाजले म्हणून रजा मागायची सोय नव्हती.

ही पद्धत बदलणारा माणूस त्याच लुइझियानातला. नॉर्बर्ट रिलियू, जन्म १८०६, न्यू ऑर्लिन्स. बाप गोरा, आई कॉन्स्टन्स व्हिव्हाँ ही स्वतंत्र कृष्णवर्णीय स्त्री. मुलगा पॅरिसला शिकला, इंजिनिअर झाला. त्याने युक्ती काढली ती अशी. दाब कमी केला की पाणी कमी उष्णतेला उकळते. पुणेकरांना आम्ही दोन अंश कमी सांगितले, त्याच्यामागचा नियम हाच. रिलियूने बंद पात्रे एकापुढे एक जोडली. पहिल्या पात्रातल्या रसाची वाफ दुसऱ्या पात्राला उष्णता देई. दुसऱ्यात दाब कमी, म्हणून तेवढ्या उष्णतेवर तिथला रस उकळे. तीच युक्ती पुढच्या पात्रात. जळण वाचले, साखर जळून काळी पडेना, आणि पळीने रस टाकण्याचे काम संपले. १८४३ साली त्याला अमेरिकेत पेटंट मिळाले, पुढचे १८४६ साली.

आपल्या महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यात जे कामाला आहेत त्यांना हे वर्णन ओळखीचे वाटेल. रस आटवण्याची एकामागोमाग जोडलेली पात्रे आजही तिथे याच तत्त्वावर चालतात. ज्याच्या डोक्यातून हे निघाले तो स्वतंत्र जन्मला होता, पण त्याच्या राज्यात त्याला गोऱ्यांच्या बरोबरीचे नागरिकत्व नव्हते. तो पुढे फ्रान्सला गेला आणि १८९४ साली पॅरिसमध्ये वारला. अमेरिकन केमिकल सोसायटीने त्याच्या शोधाला राष्ट्रीय ऐतिहासिक मानचिन्ह दिले, ते २००२ साली.

आता वरचा दाणा. पेकन हे उत्तर अमेरिकेतले मूळचे झाड, आणि त्याचे नावही तिथल्या आदिवासींच्या भाषेतले : दगडाने फोडावा लागतो तो दाणा. बी पेरून लावलेल्या झाडाचा दाणा आईच्या झाडासारखा येईलच असे नसते. कुठे जाड कवच, कुठे बारीक गर. आपल्याकडे हापूसचे कलम का करतात हे ज्याला ठाऊक आहे त्याला हे लगेच कळेल. लुइझियानात ओक ॲली नावाच्या मळ्यावर आंत्वान नावाचा एक गुलाम माळी होता. १८४६-४७ च्या हिवाळ्यात त्याने पातळ कवचाच्या एका चांगल्या झाडाची कलमे सोळा झाडांवर बांधली आणि ती जगवली. जमीनजुमल्याबरोबर गुलामांचीही मोजदाद होई. १८४८ च्या तशा यादीत त्याची किंमत १००० डॉलर लावलेली आहे. त्याच्या कलमांच्या पेकनला पुढे १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात वाखाणणी मिळाली आणि त्या जातीला 'सेंटेनियल', म्हणजे शतसांवत्सरिक, हे नाव पडले. प्रदर्शनाचे नाव झाडाला मिळाले, माळ्याचे नाही. माळ्याला आडनावही नाही. नुसता आंत्वान.

गुलामगिरी १८६५ साली घटनादुरुस्तीने गेली. पण दाणा फोडणारे हात गरिबांचेच राहिले. टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओ शहरात हजारो मेक्सिकन वंशाच्या बाया पेकन सोलत. कोंदट खोल्या, हवेत टरफलांची धूळ, घराघरांत क्षय. मजुरी वजनावर, एका पौंडाला, म्हणजे सुमारे साडेचारशे ग्रॅमला, सहा-सात सेंट. आपल्या सोलापूरच्या विडी वळणाऱ्या भगिनींना नगावरची मजुरी म्हणजे काय हे आम्ही सांगायला नको. १९३८ च्या जानेवारीत मालकांनी त्यातलाही एक सेंट कापला. ३१ जानेवारीला बाया कामावरून उठल्या. सुमारे बारा हजार कामगार संपात उतरले. पुढे होती एम्मा तेनायुका, वय वर्षे २१. पोलिसांनी अश्रुधूर सोडला, शेकड्यांनी अटक केली. संप ३७ दिवस चालला, वाद लवादापुढे गेला आणि मालकांना मजुरी वाढवावी लागली. त्याच वर्षी ऑक्टोबरात देशाचा किमान वेतन कायदा लागू झाला, तासाला २५ सेंट. मग मालकांनी यंत्रे आणली आणि हजारोंचे काम गेले.

हा शेवट गोड नाही, पण तो लिहिल्याशिवाय वही पुरी होत नाही. संप जिंकला म्हणजे सगळे मिळाले असे होत नाही. यंत्र आले तेव्हा त्या हातांचे काय, हा प्रश्न तिथे सुटला नाही आणि आपल्या गिरणगावातही सुटला नाही.

आमचे सांगणे एवढेच

मिठाई जरूर करा. साखर कशी आटते, फेस का उभा राहतो, पावसात ती का बसत नाही, हे मुलांना शेगडीपासून हातभर दूर उभे करून दाखवा. शाळेच्या पुस्तकातला उत्कलनबिंदू त्यांना जन्मभर विसरता येणार नाही.

आणि गोळे सुकत ठेवले की मधल्या वेळात मुलांना वहीचे एक पान द्या. डाव्या बाजूला साहित्य लिहायला सांगा, उजव्या बाजूला ते कुणी पिकवले, कुणी तोडले, कुणी सोलले, कुणी आटवले. साखरेपुढे ऊसतोड कामगार येईल, शेंगदाण्यापुढे खुरपणारी बाई येईल, अंड्यापुढे पोल्ट्रीतला पोरगा येईल. जिथे नाव ठाऊक असेल तिथे नाव लिहावे. ज्याने दुपारभर फेटले त्याचेही लिहावे. पान भरले की डब्याच्या झाकणाला चिकटवा आणि मगच डबा शेजारी पाठवा.